इंग्रजीचे तारतम्य आणि बीडचा विद्यार्थी

इंग्रजी कच्चे असणाऱ्याची थट्टा करावयाची झाली की मराठी समाजात जी दोन-चार ठरावीक वाक्ये पुढे येतात, त्यांत ‘मोअर बेटर’चा मान पहिला असतो. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीच्या टेबलाभोवती, स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांत या दोन शब्दांवर हमखास हशा पिकतो. हसणाऱ्यांपैकी कित्येकजण स्वतः ‘सीनियर दॅन मी’ असे बिनदिक्कत म्हणत असतात आणि महागाईचा विषय निघाला की ‘प्राइस इज कॉस्टली’ असे लिहून मोकळे होतात, ही गोष्ट अलाहिदा. परंतु ज्याच्यावर हशा होतो तो विद्यार्थी केज, वडवणी किंवा शिरूर कासारच्या एखाद्या शाळेतला असला, तर त्या हशाची किंमत फार मोठी पडते. दोन वस्तूंची तुलना करण्यासाठी तो इंग्रजीतून आयुष्यातले पहिलेच स्वतंत्र वाक्य उच्चारतो, वर्ग हसतो, आणि त्यानंतर शाळा संपेपर्यंत तो इंग्रजीतून तोंड उघडत नाही.

ही किंमत आज पूर्वीहून अधिक आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आता दहावी होणारा विद्यार्थी दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो, आणि एवढी वर्षे शिकूनही ज्याला साधी तुलना करता येत नाही त्याला सबब सांगण्याची सोय उरलेली नाही. बँकांच्या भरती परीक्षांत इंग्रजीचा स्वतंत्र भाग असतो. वाक्यातील चूक शोधा, रिकाम्या जागी योग्य विशेषण भरा, अशा प्रश्नांनी तो भरलेला असतो, आणि तेथे एकेका गुणाने माणसे आत येतात किंवा बाहेर राहतात. या परीक्षांची तयारी करण्यासाठी बीड जिल्ह्यातून पुण्याला जाऊन चार जणांत एक खोली घेऊन राहणारे तरुण थोडे नाहीत. त्यांतील कित्येकांच्या खोलीचे भाडे आईवडिलांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून गेलेले असते. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो; म्हणजे शाळेचे जवळजवळ सबंध दुसरे सत्र तो गिळून टाकतो. आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेलेल्या मुलाने व्याकरणाचा कोणता धडा गमावला, याचा हिशेब कोणत्याही प्रगतिपुस्तकात नसतो.

तथापि बीडच्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील तुलना अवघड जाते ती केवळ धडा बुडाला म्हणून नव्हे. ज्यांचा एकही तास बुडालेला नाही त्यांनाही ती अवघडच जाते, आणि त्याची कारणे त्यांच्या आळसात शोधण्याऐवजी त्यांच्या मातृभाषेत शोधणे अधिक फलदायी ठरेल. मराठीत तुलनेचा सारा भार ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ यांच्यावर असतो. ‘परळीपेक्षा अंबाजोगाई थंड आहे’ असे म्हणताना परळीला शेपूट लागते. ‘थंड’ हे विशेषण मात्र जसेच्या तसे राहते. इंग्रजीला तेवढ्याने समाधान नाही. तिला ‘दॅन’ही हवे आणि विशेषणाच्या अंगावरही खूण हवी. साहजिकच मराठी विद्यार्थी एक तर विशेषण कोरेच ठेवतो आणि ‘कूल दॅन’ लिहितो. किंवा शाळेत शिकवलेला ‘अर’ लावतो, शिवाय मनातल्या ‘अधिक थंड’मधला ‘अधिक’ही सोडवत नाही म्हणून ‘मोअर कूलर’ लिहितो. पहिल्या चुकीत मराठीची रचना आहे, दुसरीत मराठी आणि इंग्रजी दोघींचा मान राखण्याची धडपड आहे. दोन्ही चुकांना कुळशील आहे. ज्या चुकीला कुळशील असते ती समजावून देता येते. नुसती तांबड्या शाईने खोडली तर ती पुढच्या पानावर पुन्हा उगवते.

आश्चर्य असे की तुलनेच्या पायऱ्यांची कल्पना मराठी माणसाला परकी मुळीच नाही. ‘जरा तारतम्य बाळगा’ असे घराघरांत मुलांना सांगितले जाते. हे तारतम्य म्हणजे ‘तर’ आणि ‘तम’ या दोन संस्कृत प्रत्ययांपासून तयार झालेला शब्द होय. लघु, लघुतर, लघुतम. उच्च, उच्चतर, उच्चतम. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात तीन उभ्या रकान्यांत जो तक्ता मांडलेला असतो, तोच तक्ता या एका शब्दात कोरलेला आहे. व्यवहारातील विवेकाला ज्या भाषेने व्याकरणातील प्रत्ययांचे नाव दिले, त्या भाषेच्या मुलांना विशेषणाच्या तीन अवस्था हा परदेशी चमत्कार म्हणून शिकवला जावा, यात काही तरी चुकते आहे.

संस्कृतात दुसरीही एक जोडी होती. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ या शब्दांच्या अखेरीस जो ‘इष्ठ’ आहे, तो ‘सर्वांत अधिक’ हा अर्थ दाखवणारा प्रत्यय आहे. इंग्रजीतील ‘एस्ट’ आणि हा ‘इष्ठ’ एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. ‘स्वादु’ आणि ‘स्वीट’ हे शब्द जसे सख्खे नातेवाईक, तसेच ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ही. मराठीने पुढे त्याचे ‘स्वादिष्ट’ केले आणि त्यातील ‘सर्वांत गोड’ हा अर्थ विसरून कोणत्याही बऱ्या भाजीला तो शब्द लावला. कचेऱ्यांतून तर या विस्मृतीने मोठी गंमत केली आहे. कनिष्ठ लिपिक म्हणजे शब्दशः सर्वांत लहान लिपिक. तरीही एकाच कचेरीत चार कनिष्ठ लिपिक सुखाने बसतात आणि त्यांच्यातही सेवाज्येष्ठतेची यादी लागते. दहावीनंतरचा नवा आकृतिबंध १९७५ साली महाराष्ट्रात प्रत्यक्षात आला, तेव्हापासून गावोगाव उघडलेली कनिष्ठ महाविद्यालये हीही त्याच न्यायाने सर्वांत लहान महाविद्यालये! इंग्रजीतील ‘जूनियर’ आणि ‘सीनियर’ हे लॅटिनमधील तुलनेचीच रूपे घेऊन आलेले शब्द आहेत. म्हणून त्यांच्यापुढे ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतो. ‘सुपीरियर’ आणि ‘इन्फीरियर’ यांचीही तीच कथा. ‘माझ्यापेक्षा वरिष्ठ’ म्हणणाऱ्या लिपिकाला हे कारण एकदा सांगितले, तर ‘सीनियर टू मी’ त्याच्या लक्षात राहणे अवघड नाही. कारण न सांगता अपवादांची यादी पाठ करावयास लावली, तर परीक्षेच्या सकाळपर्यंत ती टिकते.

बीडच्या बाबतीत तिसऱ्या एका भाषेचाही विचार करावा लागतो. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यात १८५७ सालीच विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी ही उच्च शिक्षणाची भाषा बनली. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यम घेऊन, इंग्रजी हा तेथे सक्तीचा विषय होता. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळावयास १९५८ साल उजाडावे लागले. त्यामुळे बीडच्या जुन्या पिढीच्या कानांवर ‘बेटर’च्या आधी ‘बेहतर’ पडलेले होते. फारशीतील ‘तर’ आणि संस्कृतातील ‘तर’ हे तर सख्खे भाऊ. बेहतर, बदतर, कमतर ही रूपे बीडच्या बाजारात आजही ऐकू येतात. ‘बेहतर’ आणि ‘बेटर’ यांचे साम्य मात्र निव्वळ योगायोगाचे आहे. ‘बेह’ला ‘तर’ लागून एक झाला, दुसऱ्याची व्युत्पत्ती अगदी निराळी. पण लक्षात ठेवण्यासाठी योगायोगही उपयोगी पडतो. ‘अधिक बेहतर’ असे सावध बोलणारा म्हणत नाही, कारण ‘तर’मध्ये अधिक आलेच. एवढे ज्याला कानाने कळते, त्याला ‘मोअर बेटर’मधील दोष दाखवण्यास एका मिनिटाहून अधिक वेळ लागू नये.

आणि हा दोषही तितकासा लाजिरवाणा नाही. श्रेष्ठ म्हणजेच सर्वांत उत्तम. तरीही मराठीत ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘श्रेष्ठतम’ हे शब्द प्रतिष्ठेने नांदतात. ‘श्रेष्ठतम’ हे रूप तर वैदिक वाङ्मयाइतके जुने आहे. खुद्द इंग्रजीत शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ नाटकातील अँटनीच्या प्रसिद्ध भाषणात ‘एस्ट’ जोडलेल्या विशेषणाच्या आधी पुन्हा ‘मोस्ट’ लावलेले आढळते. अशी दुहेरी रूपे अशिष्ट ठरली ती पुढे, अठराव्या शतकातील व्याकरणकारांच्या काळात. याचा अर्थ परीक्षेत ‘मोअर बेटर’ लिहावे असा नव्हे. आजच्या शिष्ट इंग्रजीत ते चूकच आहे आणि चूक म्हणूनच शिकवले पाहिजे. परंतु जी चूक वेदकाळापासून एलिझाबेथ राणीच्या काळापर्यंत थोरामोठ्यांच्या भाषेत सुखाने वावरली, ती आठवीतल्या मुलीने केली म्हणून वर्गाने हसावे, हे कोणत्या न्यायाने?

‘बेटर’चा खरा मराठी प्रतिशब्द शोधावयास तर संस्कृताकडेही जावे लागत नाही. ‘बरा’ हा तो शब्द. नुसते ‘कापड बरे आहे’ म्हटले तर ते बेताचेच आहे असे समजते. पण ‘त्या कापडापेक्षा हे बरे’ म्हटले की लगेच तुलना उभी राहते. तापातून उठलेला माणूस ‘आज बरे वाटते’ म्हणतो आणि इंग्रज नेमके त्याच प्रसंगी ‘बेटर’ म्हणतो, ‘गुड’ म्हणत नाही. दोन्ही शब्दांनी प्रकृतीचा उतार आणि तुलनेचा चढ ही दोन्ही कामे पत्करलेली आहेत. पाठ्यपुस्तकांत ‘गुड’ म्हणजे चांगला, ‘बेटर’ म्हणजे अधिक चांगला असे छापतात, आणि मग मूल त्या ‘अधिक’चे ‘मोअर’ करते. ‘बेटर’ म्हणजे बरा, एवढेच छापले तर?

नियमांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. ते प्रत्येक मार्गदर्शकात आहेत. मात्र एक गोष्ट त्यांत धड सांगितलेली नसते. लहान शब्दाला ‘अर’ आणि मोठ्या शब्दाला ‘मोअर’ असे मुलांना सांगितले जाते. मुले मग डोळ्यांनी अक्षरे मोजतात. ‘स्ट्रेट’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरे आहेत, तेव्हा तो मोठा. ‘मॉडर्न’मध्ये सहाच, तेव्हा तो लहान. प्रत्यक्षात उलट आहे. ‘स्ट्रेट’ एका दमात उच्चारला जातो म्हणून त्याला ‘अर’ लागतो. ‘मॉडर्न’ला दोन ठोके पडतात म्हणून तो ‘मोअर’ मागतो. हिशेब उच्चारातील ठोक्यांचा आहे आणि तो कानाने करावयाचा आहे. ओवी आणि अभंग यांच्या लयीवर ज्यांचा कान पोसला गेला, भारुड आणि कीर्तन ज्यांनी लहानपणापासून ऐकले, त्या मुलांना ठोके मोजता येत नाहीत असे कोण म्हणेल? अडचण एवढीच की बीडच्या खेड्यात इंग्रजी ही ऐकण्याची भाषा कधी झालीच नाही. ती फळ्यावरची भाषा राहिली. शिक्षकाने शब्द उच्चारावा आणि मुलांनी बाकावर बोटांनी ताल धरावा, इतके केले तरी निम्मे काम होईल. उरलेले निम्मे, म्हणजे ‘क्लेव्हर’, ‘सिम्पल’, ‘नॅरो’ यांसारखे दोन्हीकडे चालणारे शब्द, वाचनाने जमते. त्यासाठी मुलांचे गुण कापू नयेत.

रूपांपेक्षा कठीण प्रश्न आहे तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांतून निवड करण्याचा. ‘उंच’ या एका शब्दासाठी इंग्रजीत ‘टॉल’ आणि ‘हाय’ असे दोन शब्द आहेत. कोश दोन्ही देतो आणि मुलाला वाऱ्यावर सोडतो. माणूस, झाड, मनोरा हे ‘टॉल’. डोंगर, छत, आकाशातला पतंग हे ‘हाय’. पायापासून शेंड्यापर्यंतची स्वतःची लांबी मोजावयाची असली तर पहिला, जमिनीपासून किती वर एवढेच पाहावयाचे असले तर बहुधा दुसरा. स्टुलावर उभा राहिलेला मुलगा ‘हायर’ होतो, ‘टॉलर’ होत नाही. हे उदाहरण वर्गात प्रत्यक्ष करून दाखवता येते आणि एकदा पाहिलेले मूल ते विसरत नाही.

विशेषणाला सोबत लागते, ही गोष्ट मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला जितकी चांगली ठाऊक असते तितकी ती पुष्कळदा पदवीधरालाही नसते. माल महाग असतो. भाव महाग नसतो, भाव चढा असतो. माल स्वस्त होतो, भाव उतरतो. बाजार तेजीत असतो किंवा मंदीत. इंग्रजीतही नेमके तसेच आहे. वस्तू ‘कॉस्टली’ किंवा ‘चीप’, किंमत ‘हाय’ किंवा ‘लो’. म्हणून ‘प्राइस इज कॉस्टली’ हे वाक्य मोंढ्यातला आडत्या मराठीत कधीच बोलणार नाही. ते बोलतो तो शिकलेला माणूस, आणि तोही फक्त इंग्रजीत. जमिनीचेही तसेच. शेतकरी जमिनीला हलकी म्हणतो, भारी म्हणतो, आणि शेतीशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही माती ‘लाइट’ आणि ‘हेवी’च असते. पाऊसही इंग्रजीत ‘हेवी’ होतो. मराठीत मात्र पाऊस जड नसतो, तो जोराचा असतो. कोठे दोन भाषांचे जुळते आणि कोठे फाटते, हे दाखवीत गेले तर शब्दांच्या जोड्या पाठ होतात. सुटी विशेषणे पाठ करून काहीच साधत नाही.

‘मोठा’ हा शब्द तर मराठीतला खरोखरच मोठा कारभारी. शेत मोठे, आवाज मोठा, मन मोठे, चूक मोठी, भाऊ मोठा आणि माणूसही मोठा. त्यातही मोठा माणूस म्हणजे वयाने वाढलेला, पैशाने गबर की कर्तृत्वाने थोर, हे प्रसंगावरून ओळखावयाचे. इंग्रजीने हे काम ‘बिग’, ‘लार्ज’ आणि ‘ग्रेट’ यांत वाटून दिले आहे. बोलण्यातला रोजचा शब्द ‘बिग’, आकार, क्षेत्र, संख्या, रक्कम यांची भाषा बोलणारा ‘लार्ज’, थोरवीसाठी ‘ग्रेट’. भावाच्या बाबतीत मात्र मराठीनेही वाटणी केलेली आहे, याचा विसर पडतो. ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ हे शब्द नात्यातली जागा सांगतात, ‘वयाने मोठा’ हा केवळ वर्षे सांगतो. ‘एल्डर’ म्हणजे थोरला आणि ‘ओल्डर’ म्हणजे वयाने मोठा. ‘थोरला’च्या मागे मराठीत सहसा ‘पेक्षा’ येत नाही, तद्वत ‘एल्डर’च्या पुढे इंग्रजीत ‘दॅन’ येत नाही. इतकी तंतोतंत जुळणी हाताशी असताना अपवाद म्हणून तो शब्द वहीत उतरवून देण्याचे प्रयोजन काय?

काही विशेषणे तुलनेला मुळीच उभी राहत नाहीत, हेही मराठीवरून दाखवता येते. ‘आर्थिक’ या शब्दापुढे ‘अधिक’ लावून पाहावे. अर्थ लागत नाही. ‘काटकसरीचा’ या शब्दापुढे सहज लागतो. इंग्रजीतील ‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचा. ही एक कसोटी सांगितली की देशाच्या ‘इकॉनॉमिकल’ स्थितीवर निबंध लिहिणे बंद होईल. ‘ऐतिहासिक’ या शब्दाने मात्र मराठीची पंचाईत केली आहे. धारूरचा किल्ला ऐतिहासिक आणि १७ सप्टेंबर १९४८ हा दिवसही ऐतिहासिक. इंग्रजीत किल्ला ‘हिस्टॉरिकल’ म्हटला तरी चालेल; तो दिवस ‘हिस्टॉरिक’च, कारण त्याने इतिहास घडवला. (वर्तमानपत्रांतून रोज होणाऱ्या ‘ऐतिहासिक’ निर्णयांना यांपैकी कोणता शब्द लावावा, हे इंग्रजीच्या कोशकारांनीही सांगितलेले नाही.)

या सर्वांत घातक शब्द ‘जास्त’ हा आहे. ‘भाजीत मीठ जास्त झाले’ म्हणजे नको तितके झाले. ‘तिला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले’ म्हणजे तुलनेने अधिक. आणि ‘यंदा गर्दी जास्त होती’ म्हणजे नुसतीच पुष्कळ. इंग्रजीत या तीन अर्थांना तीन वेगळे शब्दप्रयोग लागतात. विद्यार्थी तिन्ही ठिकाणी ‘मोअर’ घालतो. अर्थशास्त्राच्या इंग्रजी उत्तरपत्रिकांतून याचे परिणाम पानोपानी आढळतात. भारताची लोकसंख्या ‘मोअर’ आहे, दरडोई उत्पन्न ‘लेस’ आहे, बेकारी ‘मोअर’ आहे, भांडवल ‘लेस’ आहे. वस्तुतः लोकसंख्या ‘लार्ज’, उत्पन्न ‘लो’, वाढीचा दर ‘हाय’ आणि भांडवल ‘स्केअर्स’. परंतु दोष नुसता शब्दांचा नाही. ‘मोअर’ म्हटले की कशापेक्षा हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्या उत्तरपत्रिकेत कोठेही नसते. इंग्रजीतील ‘दॅन’ हा या दृष्टीने मोठा शिस्तीचा शब्द आहे. तो वाक्यात आला की कोणाशी तुलना केली हे सांगणे भाग पडते.

ही शिस्त मराठवाड्याइतकी कोणाला जिव्हाळ्याची असावयास हवी? ‘मागास’ हे विशेषण या विभागाला इतक्या वर्षांपासून चिकटलेले आहे की ते जणू गावाच्या नावाचाच भाग झाले. हे विशेषण भाषणांतून काढून हिशेबात बसवले ते वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने. १९८३ साली नेमलेल्या आणि १९८४ साली अहवाल देणाऱ्या या समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण अशा एकेका बाबतीत जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे मोजले आणि त्या अंतराला अनुशेष म्हटले. म्हणजे मागास, पण कशापेक्षा, कशात आणि किती. त्या समितीच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु वाद करता आले ते तुलनेचे माप ठरले म्हणूनच. ज्या विद्यार्थ्याला ‘बॅकवर्ड’ आणि ‘मोअर बॅकवर्ड दॅन’ यांतील फरक उमगला, त्याला असले अहवाल वाचता येतील आणि त्यांतली फट दाखवताही येईल.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांच्या बाबतीत बीडने स्वतःच्याच आकड्यांकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ आणि बीड जिल्ह्यात ८०७ होती. मराठीत दोन्ही वाक्यांना ‘कमी’ हा एकच शब्द पुरतो. प्रमाण कमी आणि मुलीही कमी. इंग्रजीत प्रमाण ‘लो’ असते आणि मुली ‘फ्यूअर’ असतात. पाणी, वेळ, पैसा यांसारख्या न मोजता ओतल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी ‘लेस’. एकेक करून मोजावयाच्या गोष्टींसाठी ‘फ्यूअर’. बोलण्यात इंग्रजही आता हा भेद नेहमी पाळत नाहीत. बीडच्या शिक्षकाने तो शिकवावा तो याच आकड्यांवर. तेथे मुली एकेक करून मोजल्या गेल्या आहेत, आणि त्या मोजल्या गेल्या म्हणूनच जिल्ह्याला आपली स्थिती कळली.

याउलट परीक्षांनी या विषयाचे काय केले आहे ते पाहावे. ‘डिग्री बदला’ हा प्रश्न अनेक वर्षांपासून चालत आलेला आहे. एखादे शहर सर्वांत मोठे आहे असे वाक्य द्यावयाचे आणि दुसरे कोणतेही शहर त्याच्याइतके मोठे नाही, असे ते फिरवून घ्यावयाचे. यात भाषेचा संबंध जुजबी असतो. साचा पाठ असला की शहर कोणते, ते खरोखर मोठे आहे की नाही, याच्याशी उत्तराला कर्तव्य नसते. या प्रश्नात पूर्ण गुण मिळवणारी मुले दोन सायकलींपैकी कोणती घ्यावी, एवढे इंग्रजीतून सांगावयास सांगितले की गप्प बसतात. गुण आणि गती यांची अशी फारकत ज्या प्रश्नाने होते, तो प्रश्न प्रश्नपत्रिकेत ठेवण्याचे समर्थन फक्त एकच होऊ शकते, ते म्हणजे तो तपासावयास सोपा असतो. सत्तर मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या आणि निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सर्व कामांना जुंपलेल्या शिक्षकाच्या दृष्टीने हे समर्थन पोकळ नाही, हेही मान्य केले पाहिजे.

इंग्रजीच्या तासाला मराठीला वाव दिला तर इंग्रजी बिघडते, असा एक आक्षेप जाणत्या शिक्षकांकडून येतो. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, ही पद्धत जेथे घरात आणि रस्त्यात इंग्रजी कानावर पडते तेथे उत्तम आहे. बीडच्या वर्गात मराठीला दाराबाहेर ठेवले तरी ती मुलाच्या डोक्यात बसून असतेच, आणि ‘मोअर कूलर’च्या रूपाने बाहेर येतेच. तिला उघडपणे बोलावून बाकावर बसवणे शहाणपणाचे. शिवाय यात नवे काही नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी दिले ते मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य मांडूनच. त्या पाठमाला जुन्या झाल्या, त्यांतली वाक्येही जुनी झाली. दोन भाषा शेजारी मांडून पाहण्याची दृष्टी मात्र टाकून देण्याजोगी नव्हती.

वाक्ये नवी करावयाची तर ती दूरून आणण्याची गरज नाही. पाठ्यपुस्तकातील तुलना मुलाने कधी न पाहिलेल्या नद्यांची आणि शहरांची असते. बीड शहरातून बिंदुसरा वाहते. ती सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा माजलगाव तालुक्यात गोदावरीला मिळते. लांब, अधिक लांब, सर्वांत लांब, अशा तिन्ही पायऱ्या एकमेकींत मिसळत मुलाच्या गावावरून गेलेल्या आहेत. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा तिसरीकडेच निघून जाते. तीही शेवटी गोदावरीलाच मिळते, पण बीडपासून फार दूर, तेलंगणाच्या हद्दीवर. बिंदुसरेपेक्षा मांजरा लांब की सिंदफणा, कोणती अधिक रुंद, कोणत्या नदीला उन्हाळ्यात पाणी अधिक काळ टिकते, यावर वर्गात भांडण लावून द्यावे. भांडताना मुले ‘मोअर लाँगर’ म्हणतील. म्हणू द्यावे, वाक्य पुरे झाल्यावर ‘मोअर’ काढून टाकता येतो.

केंद्र स्तरावर शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतात आणि अंबाजोगाईला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. जिल्ह्यातील मुलांच्या वह्यांतून तुलनेच्या आणि विशेषणांच्या चुका एका सत्रात गोळा करणे, त्या मराठीच्या कोणत्या वळणातून आल्या हे त्यांच्यापुढे लिहिणे, आणि मोंढा, शेत, दवाखाना, एस.टी. स्थानक, कचेरी येथे कोणत्या नामाशी कोणते इंग्रजी विशेषण जाते याची वीस-पंचवीस पानांची पुस्तिका छापणे, या कामास मोठा निधी लागत नाही. अशी पुस्तिका दिवाळीच्या आत हाती आली, तर कारखान्यावर जाणाऱ्या मुलांच्या दप्तरात ती टाकता येईल.